सीड ३२ ते सीड १९ : एका नवख्याचे चौदा आठवडे

हे प्रकरण कुणा एकाचं नाही. फायटिंग गेमच्या ऑनलाइन कंपूंमध्ये जे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं, ते एका खेळाडूच्या चौदा आठवड्यांत बसवून हा नमुना रचला आहे. गेम मात्र खरा: कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर ६’, २ जून २०२३ रोजी आलेला. फायटिंग गेमच घेतला, कारण इथे टीम नसते. हरल्यावर बोट दाखवायला सहकारी सापडत नाही, आणि निवड चाचणी घेणारा कॅप्टनही नसतो. कंपू म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचा एक सर्व्हर, दर आठवड्याची एक स्पर्धा आणि तीसेक नेहमीची नावं.

खेळाडूला आपण नवखाच म्हणू. चार महिने रँक्ड, म्हणजे क्रमवारीचे सामने, खेळून त्याने ढालसिम हे कॅरेक्टर प्लॅटिनमपर्यंत नेलं आहे. या गेममध्ये रुकी ते मास्टर असे आठ टप्पे आहेत. प्लॅटिनम १३,००० लीग पॉइंटांना सुरू होतं, डायमंड १९,००० ला, मास्टर २५,००० ला. मास्टरला पोचलं की एमआर नावाचं दुसरंच रेटिंग १५०० पासून सुरू होतं, आणि कंपूतली माणसं एकमेकांना मोजतात ती त्या आकड्यावर. प्लॅटिनम ही वाईट जागा नाही. पण आठवड्याच्या स्पर्धेत येणारे बहुतेक जण मास्टर आहेत, याचा नवख्याला पत्ता नाही.

पहिले तीन बुधवार

स्पर्धा स्टार्ट डॉट जीजी या संकेतस्थळावर लागते. ३२ जण, डबल एलिमिनेशन (दोन सामने हरलं की बाहेर), बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन गेम जिंकेल तो सामना जिंकतो). नोंदणी कुणालाही खुली असते आणि ही या खेळाची जुनी रीत आहे. इव्हो ही या क्षेत्रातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा १९९६ साली ‘बॅटल बाय द बे’ म्हणून सुरू झाली, तेव्हापासून यायचं, नाव घालायचं आणि खेळायचं, एवढीच अट. २०२३ च्या इव्होमध्ये स्ट्रीट फायटर ६ साठी ७,०६१ जणांनी नाव घातलं होतं. तेव्हा दार उघडंच असतं. अडचण दाराच्या आत सुरू होते.

नवख्याचा मागचा कुठलाच निकाल नाही, म्हणून त्याला शेवटचं सीड, म्हणजे मागच्या निकालांवरून स्पर्धेआधी ठरणारा क्रमांक, मिळालं, ३२. सीड ३२ चा पहिला सामना सीड १ शी. ०-२. तिथून तो लूझर्स ब्रॅकेटमध्ये, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या बाजूला, आला. तिथे त्याच्यासमोर येतो तो शेजारच्या सामन्यात हरलेला, आणि सीड १ च्या शेजारी सामना असतो १६ विरुद्ध १७. म्हणजे बहुधा सीड १७. पुन्हा ०-२. पाऊण तासात खेळ खलास, हातात एकूण चार गेम. पानावर त्याच्या नावापुढे २५वा क्रमांक लागला. वाचताना बरा वाटतो, पण ३२ जणांत २५वा म्हणजे शेवटच्या आठांतला एक.

या आठांबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण बरेच नवखे इथेच गळतात. ३२ च्या डबल एलिमिनेशनमध्ये पहिल्या फेरीत १६ जण हरतात. ते सोळा आपसात खेळतात आणि त्यातले आठ एकही सामना न जिंकता घरी जातात. जगातले सर्वोत्तम ३२ खेळाडू आणून बसवले तरी आठ जण ०-२ (दोन सामने, दोन्ही हार) होणारच. त्यात शेवटच्या सीडचा क्रमांक लागणं हा काही अपमान नाही, ब्रॅकेट तसं बांधलेलंच असतं. एलो या रेटिंग पद्धतीच्या गणितात ४०० गुणांचा फरक असेल तर खालचा खेळाडू अकरातला एक गेम जिंकतो. बेस्ट ऑफ थ्री सामना जिंकायची त्याची शक्यता मग दोन टक्क्यांच्या आसपास येते. नवखा आणि सीड १ यांच्यातलं अंतर त्याहून जास्त असेल.

दुसरा बुधवार तसाच गेला. तिसऱ्या बुधवारी त्याने सामान्य गप्पांच्या चॅनेलवर ड्राइव्ह इम्पॅक्ट या फटके झेलत आदळणाऱ्या मूव्हबद्दल आणि लॅगबद्दल, म्हणजे नेटमुळे खेळ अडखळण्याबद्दल, लिहिलं: “ड्राइव्ह इम्पॅक्ट काढून टाकलं तर हा गेम खेळण्यालायक होईल. शिवाय आज लॅग किती होता ते बघितलं ना?”

उत्तर कुणीच दिलं नाही. एका जुन्या सदस्याने डोळे फिरवणारा इमोजी टाकला, त्यावर आणखी चौघांनी क्लिक केलं, आणि गप्पा पुढे गेल्या.

या शांततेचा अर्थ नवख्याने ‘हे लोक गर्विष्ठ आहेत’ असा लावला. बाहेरून तसंच दिसतं. आतून पाहिलं तर हिशेब साधा आहे. नेहमीच्या खेळाडूकडे संध्याकाळचे दोन तास असतात. त्यांत तो आपल्या तोडीच्या माणसाशी वीस गेम खेळू शकतो किंवा नव्या माणसाला शिकवू शकतो. नवी माणसं सतत येत असतात आणि बहुतेकांचे नव्याचे नऊ दिवस संपले की पुन्हा दिसत नाहीत. म्हणून कंपू वाट बघतो. पहिल्यांदा आलेल्याकडे कुणी लक्ष देत नाही, दुसऱ्यांदा आलेल्याचं नाव अर्धवट लक्षात राहतं, चौथ्या-पाचव्या वेळी कुणीतरी ‘जीजी’च्या (गुड गेम) पुढे एक वाक्य टाकतं. नवख्याने तिसऱ्याच वेळी तक्रार केली आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

केबल

लॅगची तक्रार मात्र निराधार नव्हती. लॅग होता, फक्त तो नवख्याच्याच घरून येत होता. तो वाय-फायवर खेळत होता आणि गेम ही गोष्ट लपवत नाही. सामना स्वीकारण्याआधी समोरच्याला जोडणीचे दांडे दिसतात आणि तारेवर की वाय-फायवर तेही दिसतं. म्हणजे तक्रार वाचणाऱ्या निम्म्या लोकांना खरं कारण आधीच माहीत होतं.

वाय-फायला इतकं नाक मुरडण्यामागे नुसती फॅशन नाही. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. समोरच्याचं बटण वेळेत पोचलं नाही तर गेम थांबत नाही. समोरचा आत्ता जे करत होता तेच करतोय असं धरून गेम पुढे चालतो, आणि खरी माहिती आल्यावर अंदाज चुकला असेल तर मागे जाऊन ते फ्रेम पुन्हा मोजतो. यालाच रोलबॅक म्हणतात. फायटिंग गेममध्ये ही पद्धत रुजवली ती टोनी कॅनन यांच्या जीजीपीओने, २००६ पासून. कॅनन इव्होच्या संस्थापकांपैकीही एक.

आता ड्राइव्ह इम्पॅक्ट घ्या. ही मूव्ह २६ फ्रेमने लागते, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साध्या माणसाला २५० मिलिसेकंद लागतात असं धरलं तर १५ फ्रेम गेल्या. स्क्रीन आणि कंट्रोलर मिळून आणखी तीन-चार. हातात उरल्या सातेक फ्रेम. जमण्यासारखं आहे. पण वाय-फायची सरासरी पिंग (माहिती जाऊन यायला लागणारा वेळ) चांगली असली तरी मधूनच माहितीचं एखादं पाकीट १५० मिलिसेकंद उशिरा येतं, आणि त्या एका उचकीत नऊ फ्रेम जातात. समोरच्याने ड्राइव्ह इम्पॅक्ट सुरू केलं तरी नवख्याच्या पडद्यावर तो अजून चालतोच आहे. मग एकदम मूव्ह मधूनच दिसते आणि अंगावर आदळते. नवख्याला वाटतं मूव्हच अन्यायकारक आहे.

समोरच्यालाही हाच त्रास होतो. नवख्याचा ढालसिम त्याच्या पडद्यावर उड्या मारत फिरतो. अशा माणसाबरोबर वीस गेम खेळून सराव होत नाही, उलट चुकीचं टायमिंग अंगवळणी पडतं. सेट, म्हणजे ठरवून लागोपाठ खेळायचे गेम, नाकारला जातो तो त्यामुळे.

उपाय कंटाळवाणा आहे: राउटरपासून कन्सोलपर्यंत इथरनेट केबल. भिंतीच्या कडेने नेली तर १५ मीटर बहुधा पुरते, आणि या अंतराला केबलमुळे काही बिघडत नाही. केबल नेणं शक्यच नसेल तर विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अडॅप्टर मिळतात. त्यांचंही घराघरावर अवलंबून असतं, कधीकधी वाय-फायइतकेच उचकतात. तेही नाही जमलं तर ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरावा आणि सेट मागतानाच ‘वाय-फायवर आहे’ असं लिहावं. लिहिणाऱ्याला होकार मिळतो, लपवणाऱ्याला दुसऱ्यांदा मिळत नाही.

चौथ्या आठवड्यात नवख्याने केबल टाकली. कंट्रोलर मात्र बदलला नाही आणि ते योग्यच केलं. महागड्या स्टिकशिवाय आत येता येत नाही हा समज जुना आहे. २०१४ च्या इव्होमध्ये ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’ जिंकणारा लफी पहिल्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर खेळला होता.

सेट मागण्याची रीत

सर्व्हरवर सेट शोधण्याचं वेगळं चॅनेल असतं. नवख्याचा तिथला पहिला मेसेज होता: “कोणी आहे का?” यावर काय उत्तर द्यायचं? कुठल्या पातळीचा, किती वेळ, कुठलं कॅरेक्टर, तारेवर की वाय-फायवर, काहीच कळत नाही. विचारणारा बारा मिनिटांनी निघून जाईल की दोन तास चिकटेल, तेही नाही.

चौथ्या आठवड्यातला मेसेज असा: “ढालसिम, प्लॅटिनम, क्लासिक, वायर्ड. फर्स्ट टू फाइव्ह, आत्तापासून पाऊण तास. डायमंडच्या आसपासचं कुणीही. शेवटी एक प्रश्न विचारेन, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.” सात मिनिटांत होकार आला.

यात तीन गोष्टी बरोबर आहेत. एक, लांबी ठरलेली आहे. फर्स्ट टू फाइव्हमध्ये, म्हणजे आधी पाच गेम जिंकेल तो जिंकला, कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त नऊ गेम होतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. दोन, प्रश्न एकच. सेट संपल्यावर अर्धा तास शिकवणी मागणारे खूप असतात आणि त्यांना लोक टाळतात. तीन, आणि हे सहसा चुकतं, त्याने सीड १ ला मागितलं नाही. ज्याच्याविरुद्ध दहातले दोन-तीन गेम जिंकता येतात तो सरावाला सर्वांत उपयोगी. तिथे आपलं काय चालतं आणि काय नाही, दोन्ही दिसतं. दहातले दहा हरलात तर सगळंच चुकतंय एवढंच कळतं, आणि ते आधीपासून माहीत होतं.

क्लासिक-मॉडर्न या कंट्रोलच्या दोन पद्धतींबद्दल थोडक्यात. मॉडर्नमध्ये एका बटणाने स्पेशल मूव्ह निघते आणि त्या बदल्यात तिने समोरच्याचं होणारं नुकसान २० टक्के कमी होतं. कंपूत यावरून टोमणे चालतात. दुर्लक्ष करावं. मॉडर्नवर मास्टर झालेले भरपूर आहेत.

गिळलेली लाथ

नवख्याची खरी दुखरी नस शोधायला एक सेट पुरला. ढालसिमचे हातपाय लांबतात, तेच त्याचं बळ. पण लांब गेलेली लाथ परत यायला वेळ लागतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट दोन फटके अंगावर झेलून पुढे येतं. म्हणजे समोरच्याने लाथ निघताना पाहून ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबलं की लाथ गिळली जाते, पाय अजून हवेतच असतो आणि ढालसिम गुडघ्यांवर कोसळतो. त्यानंतर समोरचा हवा तो कॉम्बो (फटक्यांची साखळी) लावतो.

सेटनंतर विचारलेला प्रश्न जसाच्या तसा: “रिप्लेचा कोड खाली दिला आहे. दुसरा राउंड, घड्याळात ६१. माझी लांब लाथ ड्राइव्ह इम्पॅक्टने गिळली. इथे लाथ मारायचीच नव्हती, की तीच लाथ तिसऱ्यांदा मारली म्हणून पकडली गेली?”

प्रश्न चांगला आहे, कारण उत्तर देणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. कोड टाकला, ६१ वर नेलं, पाहिलं, लिहिलं. एरवी लोक एखाद्या कॅरेक्टरबद्दल नुसतं विचारतात, “केनला कसं हरवायचं?” आणि उत्तर न आल्यावर चिडतात. इथे उत्तर चार ओळींचं आलं: लाथ तिसऱ्यांदा, त्याच अंतरावरून, त्याच लयीत मारली, समोरच्याचा ड्राइव्ह गेज (इम्पॅक्टसाठी लागणारी शक्तीची पट्टी) भरलेला होता, त्यामुळे तो वाटच बघत होता. दोन लाथांनंतर काहीच न करता थांबायचं. तो इम्पॅक्ट दाबून मोकळा झाला तर आपलं इम्पॅक्ट उलट लावायचं. उशिरा लावलेलं जिंकतं.

‘उलट लावायचं’ हे लिहायला सोपं. नवख्याने ट्रेनिंग मोडमध्ये डमीला तीन कृती रेकॉर्ड करून दिल्या: पहिल्या स्लॉटमध्ये नुसतं पुढेमागे चालणं, दुसऱ्यात उडी, तिसऱ्यात थोडं थांबून ड्राइव्ह इम्पॅक्ट. तिन्ही यादृच्छिक क्रमाने चालू. उडीला अँटी-एअर (हवेतल्याला पाडणारा फटका), इम्पॅक्टला इम्पॅक्ट, चालण्याला काहीच नाही. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण पंधराव्या मिनिटानंतर बोटं सवयीने दाबू लागतात आणि डोळे बघत नाहीत.

पहिले तीन दिवस त्याने एक चूक केली. डमीला फक्त इम्पॅक्टच दिलं होतं. दहापैकी नऊ परतवले आणि खूश झाला, मग सेटमध्ये दहापैकी दोनसुद्धा जमेनात. एकच गोष्ट येणार हे माहीत असताना तिची वाट बघणं वेगळं आणि तीनपैकी कुठली आली ते ओळखून बटण निवडणं वेगळं. दुसऱ्याला जास्त वेळ लागतो. चालण्याचा स्लॉट म्हणूनच महत्त्वाचा आहे: तिथे काहीही न दाबणं हाच सराव. तीन स्लॉटांवर दहापैकी सहा-सात जमायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवली. एका सेटला एकच ओळ: काय झालं, मी काय दाबलं, काय दाबायला हवं होतं. पाच चुका लिहून पुढच्या सेटमध्ये पाचही सुधारायला जाणारा एकही सुधारत नाही.

दोन घसरण्या

पाचव्या आठवड्यात ठरवलेल्या सेटला नवखा आलाच नाही. सांगितलंही नाही. समोरचा वीस मिनिटं रूम उघडून बसला. दुसऱ्या दिवशी नवख्याने लांबलचक सबब लिहिली, जी वाचून आणखी वाईट वाटलं. ‘चुकलं, उद्या याच वेळी मी रूम उघडून ठेवतो’ एवढं पुरलं असतं. त्या माणसाने त्याच्याबरोबर पुढचे तीन आठवडे सेट घेतला नाही. चर्चाही केली नाही, फक्त घेतला नाही. कंपूत शिक्षा अशीच असते, आवाज न होता.

दुसरी घसरण सहाव्या आठवड्यातली. सिल्व्हरमधल्या एका आणखी नव्या मुलाने एका मूव्हबद्दल विचारलं आणि नवख्याने ठणकावून सांगितलं की ती ब्लॉक झाली, म्हणजे समोरच्याने अडवली, तरी सुरक्षित आहे, बिनधास्त वापर. ती सुरक्षित नव्हती. प्लॅटिनममध्ये ती अडवून लगेच उलटा फटका मारत (पनिश करत) कुणी नव्हतं, इतकंच. एका जुन्या खेळाडूने गेममधल्या फ्रेम मीटरचा (मूव्हच्या फ्रेम दाखवणाऱ्या पट्टीचा) फोटो टाकला, बाकी काही लिहिलं नाही. इथे नवख्याला अक्कल सुचली. “आत्ता ट्रेनिंगमध्ये लावून पाहिलं. मी चुकीचं सांगितलं, वापरू नकोस.” एक ओळ, सबबीशिवाय. या ओळीने त्याचं जितकं भलं केलं तितकं कुठल्याच विजयाने केलं नसतं. तो मुलगा नंतर त्यालाच विचारायला यायचा.

आयोजकाचा हात

नवखे सहसा चुकवतात तो मार्ग आता. ०-२ होऊन पाऊण तासात मोकळा झालेला माणूस ही आयोजकाच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे, कारण बाकी सगळे खेळत असतात. ऑनलाइन स्पर्धा रेंगाळते ती दोनच कारणांनी: सामना लागूनही एक जण हजर नाही, किंवा सामना संपूनही निकाल टाकलेला नाही. आयोजक स्वतःही खेळत असेल तर तो दोन्हींकडे बघू शकत नाही.

सातव्या आठवड्यात नवख्याने आयोजकाला लिहिलं, “मी बाहेर पडलोय, अडकलेले सामने बघू का?” काम सोपं होतं. पाच मिनिटांपूर्वी लागलेले आणि अजून सुरू न झालेले सामने शोधायचे, दोघांना टॅग करायचं, दहा मिनिटं झाली की आयोजकाला कळवायचं. बाद करायचं की नाही हे आयोजकच ठरवतो. इथे हुकूम सोडायला लागलात तर सगळं मुसळ केरात. नवख्याने सोडले नाहीत. त्या संध्याकाळी त्याला कळलं की निम्मा घोळ नावांचा असतो: डिस्कॉर्डवर एक नाव, ब्रॅकेटमध्ये दुसरं, गेमच्या फायटर आयडीत तिसरं. समोरचा शोधून शोधून थकतो आणि तोवर दहा मिनिटं संपतात. नवख्याचीही तीन ठिकाणी तीन नावं होती. त्याने त्याच रात्री ती एक केली आणि अवतारही तोच ठेवला.

त्याचा दुसरा फायदा असा झाला की एका संध्याकाळी वीसेक जणांशी कामापुरतं बोलणं झालं. मैत्री वगैरे नाही. पण पुढच्या आठवड्यात सेटच्या चॅनेलवर त्याचं नाव दिसलं तेव्हा ते ओळखीचं होतं.

‘ढालसिम आहे का कुणी?’

आठव्या आठवड्यात सीड २ ने विचारलं. तो एका मोठ्या स्पर्धेची तयारी करत होता आणि त्याच्या पूलमध्ये (सुरुवातीच्या गटात) एक ढालसिम येणार होता. ढालसिम खेळणारे थोडे. त्यातले मास्टर दोघे, ते त्या दिवशी नव्हते. नवख्याचं नाव तिसऱ्याच माणसाने पुढे केलं: “प्लॅटिनम आहे, पण वायर्ड आहे आणि सेट पूर्ण करतो.”

हे शिफारसपत्र नीट वाचावं. त्यात ‘चांगला खेळतो’ असं कुठेही नाही.

फर्स्ट टू टेन, निकाल १०-१. तो एक गेमसुद्धा सीड २ काहीतरी करून पाहत असताना गेला. मधेच त्याने सांगितलं, “फ्लोटवरून खाली येण्याचा तो प्रकार पुढचे तीन गेम सारखा कर.” फ्लोट म्हणजे ढालसिमचं हवेत तरंगणं. इथे पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटतं ही आपल्या हातची एकमेव युक्ती, ती वारंवार केली तर उत्तर सापडेल आणि मग जिंकायला काहीच उरणार नाही. नवख्याने तीन गेम तेच केलं आणि तिसऱ्या गेमपर्यंत ती युक्ती मेली. बदल्यात ती का मेली ते त्याला जवळून बघायला मिळालं: सीड २ फ्लोट सुरू होताच मागे न सरकता थेट ढालसिमच्या खाली चालत येत होता. ही गोष्ट रँक्डच्या शंभर गेममध्ये दिसली नसती. रँक्डमध्ये समोरचा दोन-तीन गेमनंतर जातो, एखादा तर पहिलाच जिंकून पळतो.

यावरून कुणी म्हणेल की दुर्मीळ कॅरेक्टर घेतलं की दार उघडतं. थोडंफार उघडतंही. पण नुसतं त्यासाठी न आवडणारं कॅरेक्टर घेणं मूर्खपणाचं आहे, तीन महिन्यांत कंटाळा येतो. नवख्याला ढालसिम मुळातच आवडत होता, हे त्याचं नशीब.

नवव्या आठवड्यात पासवर्डच्या खाजगी रूमचं बोलावणं आलं. तिथले नियम कुठे लिहिलेले नसतात, तेव्हा इथे लिहून ठेवू. हरणारा रांगेच्या शेवटी जातो. चालू सामन्यात खेळणाऱ्याला कुणी सूचना देत नाही. व्हॉइसवर असाल तर बोलत नसताना माइक बंद, कारण बटणांचा खडखडाट सगळ्यांना ऐकू येतो. निघताना ‘हा शेवटचा’ असं आधी सांगायचं. बाहेरच्यांना रूममधल्या युक्त्या सांगायच्या नाहीत, निदान त्या माणसाची स्पर्धा होईपर्यंत.

एक गोष्ट झटपट सांगून टाकू: सगळेच कंपू असे नसतात. जिथे शिवीगाळ रोजची आहे, मॉडरेटर बघून न बघितल्यासारखं करतात, एखादी मुलगी माइकवर आली की खेळ बाजूला पडतो, तिथे वरची एकही युक्ती वापरू नये. दुसरा सर्व्हर शोधावा. सहसा प्रत्येक कॅरेक्टरचा वेगळा सर्व्हर असतोच, आणि तिथलं वातावरण बरेचदा निवळलेलं असतं.

दहावा ते चौदावा

दहाव्या बुधवारी नवखा पहिला सामना हरला आणि लूझर्समधला पहिला जिंकला. २-१. क्रमांक १७. शेवटच्या गेममध्ये त्याने दोन लाथा मारल्या आणि थांबला. समोरच्याने इम्पॅक्ट दाबलं, नवख्याचं उशिरा लागलं, आणि समोरचा गुडघ्यांवर आला. चॅटमध्ये सीड २ ने एवढंच लिहिलं: “थांबला!”

अकराव्याला पुन्हा ०-२. बाराव्याला १७. तेराव्याला लूझर्समध्ये लागोपाठ दोन जिंकून १३. रँक या काळात १७,००० च्या आसपास, म्हणजे अजून प्लॅटिनमच. त्याने रँक्ड जवळजवळ सोडलं होतं. आठवड्याचे सहा तास असे जात होते: रोजची दहा मिनिटं ट्रेनिंग, दोन लांब सेट, एक रूम, एक बुधवार, आणि रविवारी स्वतःच्या दोन हरलेल्या रिप्ले. जिंकलेल्या तो बघत नाही. आमच्या मते तिथे तो थोडा चुकतो, कारण जिंकलेल्या गेममध्येही इम्पॅक्ट गिळलेली लाथ असते, फक्त समोरच्याने कॉम्बो सोडलेला असतो.

बाराव्या आठवड्यात सीड २ ची मोठी स्पर्धा झाली आणि त्याला ढालसिमची गरज उरली नाही. सेट कमी झाले. नवख्याला ते जरा लागलं. पण रूमचं बोलावणं थांबलं नाही.

चौदाव्या बुधवारचं सीडिंग लागलं तेव्हा नवखा १९ वर होता. १९ चा पहिला सामना १४ शी, आणि शेजारचा सामना ३ विरुद्ध ३०. नवखा हरला तर लूझर्समध्ये त्याच्यासमोर त्या सामन्यात हरलेला येईल, बहुधा सीड ३०. नाव नवीन दिसतंय, निकालांची पाटी कोरी आहे, आणि गेममध्ये त्या नावाच्या बाजूला वाय-फायचं चिन्ह आहे.